दोरीवरची पुस्तके

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचे घर होते. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला, आणि ‘तात्या’ हा शब्द कोणत्या भाषेतला हे मराठी वाचकाला सांगायला नको. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर आली तेव्हा तिच्या मागोमाग काही मराठी कुटुंबे इकडे आली. पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा यांच्या निमित्ताने आणखी आली. मी सांगते आहे तो काळ १९८७-८८ चा. त्या वेळी रायपूर मध्य प्रदेशात होते. आमच्या घरात मराठी बोलत, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी.

तीन भाषा येणाऱ्या मुलीला तीन घरे असतात असे लोक म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. शाळेत मी हिंदी निबंधात चुकून ‘ळ’ लिहिला की बाई त्यावर लाल रेघ मारीत, कारण हिंदीच्या वर्णमालेत त्या अक्षराला रोजचे काम नाही. वर्गातल्या मुली मला ‘मराठीन’ म्हणत. उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला मामाकडे गेले, की तेथील मावसबहिणी माझ्या मराठीत शिरलेली हिंदी मोजून दाखवीत आणि हसत. कोठेही गेले तरी मी जराशी दुसरीकडची होते. दुःख म्हणावे असे त्यात काही नव्हते, परंतु पंधराव्या वर्षी माणसाला पुरेसे एकटे करील एवढे ते निश्चित होते.

आझाद चौकाकडे जाणाऱ्या एका बोळात भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. दुकान कसले, एक लाकडी खोके! दोन्ही बाजूंना ताणलेल्या सुतळ्या आणि त्यांवर कपडे वाळत घालावेत तशी मधोमध उघडून टांगलेली कॉमिक्स. पातळ पुस्तकाचे दिवसाला पंचवीस पैसे, जाड डायजेस्टचे पन्नास. घरी न नेता समोरच्या फळीवर बसून वाचले तर पंधरा पैसे. फळीवर एका वेळी पाच जण बसत आणि प्रत्येक पुस्तकात बाजूच्याचे डोके डोकावलेले असे. दुकानदार भैया मोठ्या शिस्तीचे. पान दुमडलेले सापडले तर पाच पैसे दंड.

त्या सुतळीवर सारे जग होते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ तेथे हिंदीत मिळत. त्यांतला नायक हिंदीत ‘वेताल’ होता. मामा नागपूरहून येताना त्याच मालेचे मराठी अंक आणी, त्यांत तो ‘वेताळ’ असे. एकच मुखवटा, एकच कवटीची अंगठी. फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर नेमके माझे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेल्या या पात्राचा देश भारतीय अंकांत ‘डेंकाली’ या नावाने येई. ते जंगल आम्हांला मुळीच परके वाटत नसे. आमच्या लेखी डेंकाली म्हणजे बस्तर. आज तेच अंक चाळताना एक गोष्ट खटकते. पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस जंगलातील लोकांना न्याय देतो आणि जंगलातील लोक केवळ त्याची वाट पाहतात! त्या वयात मात्र हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता.

त्याच मालेत १९७६ पासून आबिद सुरती यांचा ‘बहादुर’ आला. तो डाकूचा मुलगा, आणि लढतो डाकूंशीच. चंबळचे खोरे आमच्याच राज्यात असल्याने त्याच्या कथा वर्तमानपत्रातल्या बातम्यांसारख्या वाटत. प्राण यांचे चाचा चौधरी आणि साबू तर घराघरांत होते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ ही एकच माला अशी, की जिच्याविषयी वडीलधाऱ्यांची तक्रार नसे. आणि मग आले राज कॉमिक्सचे दोन नायक. १९८६ च्या सुमारास नागराज आणि १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव. ध्रुव सर्कशीत वाढलेला. सर्कस जळते, आईवडील जातात आणि हा एकटा उरतो. त्याच्याजवळ अद्भुत शक्ती कोणतीच नाही. डोके चालवायचे, पशुपक्ष्यांची बोली समजायची, मोटारसायकल हाकायची, एवढेच त्याचे भांडवल.

या नायकांची यादी केली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. डाकूचा मुलगा, सर्कशीतला अनाथ, एका दुष्ट शास्त्रज्ञाने शस्त्र म्हणून विकण्यासाठी घडवलेला नागराज. यांतला एकही भरल्या घरातला, वर्गात पहिला येणारा, सर्वांचा लाडका मुलगा नाही. तशा मुलाला सुतळीवरच्या पुस्तकाची गरज तरी कितीशी असणार?

मुलींनी त्या फळीवर बसण्याची पद्धत नव्हती. मी धाकट्या भावाचा हात धरून जाई, म्हणजे पुस्तक त्याच्यासाठी आहे असे दिसे. माझ्या आजोबांना हे ठाऊक होते आणि पसंत नव्हते. त्यांचे दैवत माधवराव सप्रे. मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. “सप्र्यांच्या गावची मुले चित्रे बघत बसतात,” असे आजोबा म्हणत. बघत, वाचत नव्हे. हा शब्द ते जाणूनबुजून निवडीत. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, तेथील सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली. आमच्याकडे सिनेटचे काम आजोबांचे एक वाक्य करीत असे.

परंतु ‘बघणे’ हा शब्द किती मोठा आहे, हे मला एका मुलाने शिकवले. दुकानासमोर सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि त्यात पंक्चर काढणारा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा. त्याला सगळे ‘छोटू’ म्हणत. या देशात दुकानात काम करणाऱ्या कोणत्याही मुलाला छोटूच म्हणतात. त्याचे खरे नाव वेगळे होते. पाचवीनंतर त्याची शाळा सुटली होती आणि अक्षरे जुळवताना तो थकून जाई. त्याने माझ्याशी एक करार केला. मी त्याला संवाद वाचून दाखवायचे आणि त्याने मला चित्रे वाचून दाखवायची.

चित्रे वाचायची म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून ऐकले. पाऊस पडतो आहे हे रेषेच्या कोणत्या तिरपेपणावरून कळते. नायक खोटे बोलत असेल तर चित्रकार त्याचे डोळे कसे सावलीत ठेवतो. एका चौकटीतून दुसरीत जाताना मधल्या पांढऱ्या पट्टीत किती वेळ गेला असेल. एके दिवशी नागराजचे पुस्तक हातात घेऊन तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून सुतळीवरून अमर चित्रकथेचे एक पुस्तक काढून आणले आणि दोन्ही शेजारी ठेवली. “ये उही हाथ आय, दीदी,” तो म्हणाला. हा तोच हात आहे. दंडाचे स्नायू, वस्त्राच्या चुण्या, पायांची बोटे यांवर त्याने काळे बोट फिरवले. मी दोन्ही पुस्तकांतले नाव शोधले. दोन्हींकडे चित्रकार एकच, पुण्याचे प्रताप मुळीक.

त्या क्षणी मला झालेला आनंद दुहेरी होता. ज्याला स्वतःचे नाव लिहायला अर्धे मिनिट लागत होते, त्याने चित्रकाराची स्वाक्षरी न पाहता त्याला ओळखले होते. आणि ‘मुळीक’! हिंदी छपाईत त्या नावाचा ‘ळ’ हरवला होता, तरी मला तो ऐकू आला. साऱ्या हिंदी मुलखाने डोक्यावर घेतलेल्या नागराजाला पहिले रूप देणारा माणूस आमच्या भाषेतला निघाला. नंतर मला कळले, की अमर चित्रकथेतला ‘कृष्ण’ काढणारे राम वाईरकरही आपल्याकडचेच. मी मावसबहिणींना मुद्दाम पत्र लिहून हे कळवले. त्यांचे उत्तर आले नाही.

आमच्यातला तिसरा मुलगा माझ्याच शाळेत, नववीच्या दुसऱ्या तुकडीत होता. तो बोलताना अडखळत असे. ‘प’ आणि ‘क’ या अक्षरांपाशी त्याचा श्वास अडे, मान ताठ होई आणि वर्ग हसू लागे. एका शिक्षकांना त्याच्याकडून धडा मोठ्याने वाचवून घेण्यात विशेष रस होता. त्या तासानंतर तो दप्तर घेऊन शाळेकडे निघे, परंतु पोहोचे बूढा तालाबच्या पायऱ्यांवर. स्वतःला तो ‘ध्रुव’ म्हणवून घेई, म्हणून मीही येथे तेच नाव लिहिते. फळीवर बसून तो ध्रुवचे संवाद म्हणे, तेव्हा एकही अक्षर अडत नसे. अडखळत बोलणारी पुष्कळ माणसे गाताना, इतरांबरोबर एका सुरात बोलताना किंवा दुसऱ्याची भूमिका करताना सहज बोलू शकतात. हे शास्त्र आम्हांला तेव्हा माहीत नव्हते. आम्ही समजत होतो की ही ध्रुवच्या पोशाखाची किमया.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघांनी स्वतःचे कॉमिक तयार केले. कागदाचे चार ताव मधोमध दुमडले की सोळा पृष्ठे होतात. आईच्या गोधडीच्या सुईने मी ती शिवली. चित्रे छोटूची, प्रत्येक पृष्ठाच्या कडेला वंगणाचे काळे ठसे उमटले, ते आम्ही तसेच राहू दिले. अक्षर माझे. कथा ध्रुवची. नायकाचे नाव ‘तरियाराज’. तरिया म्हणजे छत्तीसगढीत तलाव. हा तरियाराज बूढा तालाबच्या तळाशी राहतो. पाण्यात तो अस्खलित बोलतो, परंतु जमिनीवर आला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याचा शत्रू कोणी राक्षस नव्हता. शत्रू होती जलकुंभी. रायपूरच्या तलावांवर पसरून पाण्याचा श्वास कोंडणारी ती वनस्पती ज्याने पाहिली आहे, त्याला या खलनायिकेची निवड पटेल.

तरियाराज जमिनीवर असताना त्याच्या तोंडाजवळ संवादाचा फुगा काढायचा, पण तो रिकामा ठेवायचा, असा ध्रुवचा आग्रह होता. मी म्हटले, बोलतच नाही तर फुगा कशाला? तो म्हणाला, बोलायचे असते म्हणून. हे वाक्य म्हणायला त्याला बराच वेळ लागला. आम्ही दोघे थांबून राहिलो. पुस्तकात असे अकरा रिकामे फुगे आहेत.

भाषेचा प्रश्न सोपा झाला नाही. निवेदन हिंदीत, कारण सुतळीवरची सर्व पुस्तके हिंदीत. पाण्यातला तरियाराज छत्तीसगढी बोलेल हे छोटूने परस्पर ठरवून टाकले. मग मी तरियाराजच्या आईला मराठी केले. ती एकाच पृष्ठावर येते आणि “बाळा, वेळेवर घरी ये” एवढेच म्हणते. त्या चार शब्दांत मी दोन ‘ळ’ बसवले होते आणि दोन्ही इतरांपेक्षा मोठे काढले होते.

पुस्तक पुरे झाले त्या रात्री ते माझ्या टेबलावर होते. सकाळी पाहते तो आजोबांच्या लाल शाईच्या खुणा. हिंदीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या होत्या, एके ठिकाणी क्रियापद बदलले होते. छत्तीसगढी संवादांना हात लावला नव्हता. पहिल्या रिकाम्या फुग्याशेजारी त्यांनी प्रश्नचिन्ह काढले होते. दुसऱ्याशेजारीही. तिसऱ्या फुग्याशेजारी काहीच नव्हते, आणि मागे जाऊन पहिली दोन्ही प्रश्नचिन्हे खोडली होती. या विषयावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढेही ते कॉमिक्सना ‘चित्रे’च म्हणत राहिले, मात्र रोजचा हिशेब लिहिताना माझ्या नावापुढे ‘वाचनालय, पंचवीस पैसे’ अशी नोंद दिसू लागली.

भैयांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले. “इसमें लिखना भूल गए हो,” असे रिकाम्या फुग्यांवर बोट ठेवून म्हणाले आणि तरीही ते सुतळीवर टांगले. भाडे दहा पैसे. पहिल्याच दिवशी फळीवर जमलेल्या मुलांनी ते मोठ्याने वाचून दाखवण्याचा हट्ट धरला. ध्रुव उभा राहिला. पाण्यातले संवाद तो घडाघडा बोलला. रिकामा फुगा आला की तो थांबे, मुलांकडे पाही आणि पृष्ठ उलटण्याआधी मनात काही अंक मोजी. दुसऱ्यांदा तो थांबला तेव्हा एक मुलगा हसला. पाचव्यांदा थांबला तेव्हा कोणी हसले नाही. त्याचे थोरले भाऊ त्याला शोधत तेथे आले होते. शाळेत जात नाही हे घरी समजले होते आणि त्याला गोलबाजारातल्या एका कापडाच्या दुकानात बसवण्याचे ठरत होते. ते सायकलला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग “चल” म्हणाले आणि त्याला मागे बसवून घेऊन गेले. घरी झालेले बोलणे त्याने आम्हांला कधी सांगितले नाही. सुटी संपल्यावर मात्र तो वर्गात दिसला. त्याचे अडखळणे तसेच राहिले. शिक्षकही तेच राहिले. मधल्या सुटीत त्याला ‘तरियाराज’ म्हणून हाका मारू लागले होते, आणि त्या हाकेला तो ओ देत असे.

पुष्कळ वर्षांनी माझ्या भाचीने मला एक अमेरिकन कादंबरी वाचायला दिली. बॅरी लायगा यांची, २००६ साली प्रसिद्ध झालेली, ‘द अस्टॉनिशिंग अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ फॅनबॉय अँड गॉथ गर्ल’. तिच्यातला पंधरा वर्षांचा मुलगा शाळेत मार खातो, छळणाऱ्यांची यादी ठेवतो, खिशात बंदुकीची एक गोळी घेऊन हिंडतो आणि गुपचूप स्वतःची चित्रकादंबरी रेखाटतो. काळ्या पोशाखातली एक तिखट जिभेची मुलगी त्याची मैत्रीण होते. त्या मुलाजवळ संगणक आहे, आवडता लेखक भेटू शकेल असे संमेलन आहे. आमच्याजवळ सुतळी होती. पण आपण काढलेले कोणीतरी नीट, शेवटच्या चौकटीपर्यंत पाहावे, ही त्याची भूक मी पहिल्या काही पानांतच ओळखली. ती खिशातली गोळी मात्र वाचताना मला फार वेळ टोचत राहिली. आमच्यातल्या कोणाच्याही खिशात तशी वस्तू येऊ शकली नाही, हे आमचे शहाणपण नव्हते.

मराठीत अशा मुलांसाठी ‘उपरा’ हा शब्द आहे, परंतु तो मी सहसा वापरत नाही. १९८० साली आलेल्या लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाने त्या शब्दाला जे वजन दिले, ते जातीचे आणि भुकेचे वजन आहे. माझे उपरेपण एका अक्षराचे होते. ध्रुवचे एका श्वासाचे. छोटूचे मात्र खरे होते. आम्ही दोघे फळीवरून उठून शाळेत जात असू, आणि तो पंक्चर काढायला.

इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडली. त्यानंतर घरोघर दूरदर्शन संचांना तारा जोडल्या गेल्या आणि फळीवर बसणारी मुले विरळ झाली. भैयांनी खोक्यात पानाचे दुकान टाकले. छोटू एका पाट्या रंगवणाऱ्याकडे हाताखाली लागला आणि तेथे अक्षर शिकला. ते शिकणेही त्याने चित्रासारखेच केले. आधी वळण, मग उच्चार. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाले. त्या हिवाळ्यात पाट्यांवरचे ‘मध्य प्रदेश’ पुसून ‘छत्तीसगढ’ लिहिण्याचे एवढे काम निघाले, की त्याने स्वतःचे दुकान काढले. पुढे फ्लेक्सच्या छपाईने हा धंदा खाल्ला. तेव्हा, वयाच्या पस्तिशीत, त्याने मुक्त विद्यालयातून दहावीचा अर्ज भरला. विषयांत चित्रकला घेतली होती. हिंदीच्या पेपरात ‘माझे आवडते पुस्तक’ असा निबंध आला तर तरियाराजवर लिहिले तर चालेल का, असे त्याने मला फोन करून विचारले होते. तो निबंध आला नाही, पण तो उत्तीर्ण झाला.

तरियाराजची प्रत त्याच्याकडेच आहे. सोळांपैकी चौदा पृष्ठे शिल्लक आहेत. नववे आणि दहावे पृष्ठ असलेला कागद त्या फळीवरच कधीतरी फाटून गेला. मागच्या दिवाळीत त्याने ती दोन पृष्ठे नव्याने काढली. चौकटी आठवत होत्या, शब्द आठवत नव्हते. मलाही आठवले नाहीत. म्हणून फुगे मोकळे ठेवून त्याने ती पृष्ठे ध्रुवला विशाखापट्टणमच्या पत्त्यावर धाडली आहेत. त्यांतला कोणता फुगा भरायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हे तोच सांगू शकतो. अजून उत्तर आलेले नाही.